अंग चोरणं आणि अंगावर काढणं

कामाविषयी मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. एक अंग चोरणं, दुसरा अंगावर काढणं. पहिला बहुधा मालकाच्या तोंडी असतो: गडी अंग चोरतो. दुसरा आईच्या किंवा बायकोच्या तोंडी: ताप अंगावर काढला आणि मग आठ दिवस आडवा झाला. मी आयुष्यभर जो विषय शिकवला आणि ज्यात संशोधन केलं, त्याला पाठ्यपुस्तकात ‘संघटनात्मक वर्तन’ म्हणतात. या नावाने एकाही वाचकाला पुस्तक उघडावंसं वाटणार नाही, म्हणून मुखपृष्ठावर ते टाकलेलं नाही. पण विषयाची सगळी कहाणी या दोन वाक्प्रचारांत मावते. तो जन्मला अंग चोरणाऱ्याचा बंदोबस्त करायला. अंगावर काढणाऱ्याकडे त्याचं लक्ष फार उशिरा गेलं, आणि गेलं तेही ज्याला पगारी रजा आहे अशाकडेच. या पुस्तकातले लेख दुसऱ्या वाक्प्रचाराविषयी आहेत.

घोडेगाव हे माझं गाव. नेवासे तालुक्यात, नगरहून छत्रपती संभाजीनगरला जाणाऱ्या रस्त्यावर. शनिशिंगणापूरला जाणारे पुष्कळ लोक इथून वळतात, त्यामुळे गावाचं नाव अनेकांच्या नजरेखालून गेलेलं असतं. थांबत मात्र फारसं कोणी नाही. जे थांबतात ते जनावरांच्या बाजारासाठी, नाहीतर कांद्यासाठी. नेवासे बाजार समितीचा इथला उपबाजार माझ्या डोळ्यांदेखत वाढला. लासलगावला कांदा ट्रॉलीत मोकळाच लिलावाला उभा राहतो. आमच्याकडे तो गोणीत येतो. हा फरक व्यापाऱ्याला किरकोळ वाटेल, पण त्याचा अर्थ असा की घोडेगावात आलेला प्रत्येक कांदा कोणाच्या तरी पाठीवरून उतरतो आणि कोणाच्या तरी पाठीवरूनच पुन्हा ट्रकमध्ये चढतो.

संशोधनाला सुरुवात करायची ठरली तेव्हा या पाठींवरच काम करावं असं मी मनाशी घेतलं होतं. वडीलधाऱ्यांनी समजावलं की एखादी कंपनी धर, तिथे हजेरीपट असतो, नमुना निवडायला सोपं जातं. मी हट्टाने प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन गावी आलो. प्रश्नावली अमेरिकन होती, भाषांतर माझं. प्रत्येक विधानापुढे पाच चौकटी, ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत. रेन्सिस लायकर्टने १९३२ मध्ये ही मोजपट्टी तयार केली आणि तेव्हापासून जगभरच्या माणसांच्या मनाचे पाच तुकडे करायचं काम तिने इमानेइतबारे चालवलं आहे. थप्पीच्या सावलीत उकिडव्या बसलेल्या एका हमालाला मी पहिलं विधान वाचून दाखवलं: ‘माझे वरिष्ठ माझ्या कामाची दखल घेतात.’

त्याने विचारलं, “वरिष्ठ म्हंजी कोन? आडत्या, व्यापारी, का ज्याचा माल हाय तो शेतकरी?”

मी तिथेच अडकलो. उतरवण्याची हमाली शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जाते, चढवायची व्यापारी देतो, गाळा आडत्याचा, आवार बाजार समितीचं. माझ्या प्रश्नावलीत वरिष्ठ एकच होता आणि त्याला स्वतंत्र केबिन होती. पुढचं विधान कामातल्या समाधानाविषयी होतं. “न्हाई म्हनलं तर काम बदलून देनार का?” असं विचारून, माझ्या उत्तराची वाट न बघता त्याने ‘समाधानी’ लिहायला सांगितलं. इतरांनीही बहुतेक तेच सांगितलं. ती आकडेमोड पुरी केली असती तर घोडेगावचा हमाल हा देशातला सर्वांत सुखी कर्मचारी ठरला असता. ते कागद आजही माझ्या कपाटात आहेत. प्रबंध मी पुढे एका कारखान्यावर लिहिला. तिथे वरिष्ठ कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हमालाच्या त्या प्रश्नाला महाराष्ट्राने कायद्यातून एक उत्तर देऊन ठेवलं होतं, आणि ते मला माझ्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं. १९६९ चा माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा. अण्णासाहेब पाटील आणि त्यांच्या बरोबरच्यांनी मुंबईच्या गोद्यांमध्ये आणि बाजारांमध्ये उभ्या केलेल्या लढ्यातून तो आला. त्याची युक्ती साधी आहे. मालक रोज बदलतो ना, मग मालकाच्या जागी मंडळ ठेवा. काम करून घेणाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही मंडळात भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देणार, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, बोनस, उपदान, रजेचे पैसे. ज्या माणसाला एकही कायमचा मालक नाही त्याला कायम कामगाराचे हक्क द्यायचे, ही कल्पना संघटनेच्या रचनेतली मोठी झेप होती. ‘गिग’ कामगारांचं काय करायचं यावर आता परिषदा भरतात. त्यांतल्या एखाद्या परिषदेत पन्नासएक वर्षांपूर्वीच्या या कायद्याचं नाव निघालं की मला बरं वाटतं. फारसं निघत नाही. कायदा सगळीकडे धड चालतो असंही नाही: नोंदणीच न झालेले हमाल आहेत, लेव्ही चुकवणारे आहेत, आणि माथाडीच्या नावावर खंडणी मागणारेही निघाले. पण रचना म्हणून ती आजही टिकाऊ आहे. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने याच्या जोडीला ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. कामगाराचं स्वास्थ्य म्हणजे दुपारी परवडणारं गरम जेवण, इतकी सरळ व्याख्या मला अजून कुठल्या शोधनिबंधात मिळालेली नाही.

गंमत अशी की व्यवस्थापनशास्त्राचा आरंभच मुळी एका हमालापासून झाला. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील कंपनीच्या आवारात फ्रेडरिक टेलर कच्च्या लोखंडाच्या लाद्या वाहणाऱ्यांचा अभ्यास करत होता. एकेक लादी ९२ पौंडांची, म्हणजे साधारण ४२ किलोंची. आमच्या कांद्याच्या गोणीपेक्षा थोडी हलकी. दिवसाला माणशी साडेबारा टन माल चढायचा. टेलरने एक माणूस निवडला, पुस्तकात त्याला ‘श्मिट’ हे टोपणनाव दिलं, कधी उचलायचं आणि कधी बसायचं हे त्याला घड्याळ लावून सांगितलं, आणि आकडा साडेसत्तेचाळीस टनांवर नेला. मजुरी वाढली ती १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर. काम जवळजवळ चौपट, पैसे दीडपटीच्या जरा वर. १९११ च्या त्या प्रसिद्ध पुस्तकात टेलरने असंही लिहून ठेवलं की या कामाला लागणारा माणूस बुद्धीने बैलाच्या जवळचा असावा. आमच्या बाजारात बैल घेणारा शेतकरी दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो, रात्री वैरण किती लागेल ते विचारतो. श्मिट घरी गेल्यावर काय खायचा, हे टेलरच्या नोंदींत नाही. पुढच्या संशोधकांनी ती गोष्ट तपासली तेव्हा ती बरीच रंगवलेली निघाली. तरी आमच्या वर्गांत ती अजून खरी म्हणून शिकवली जाते. मीही शिकवली आहे.

टेलरनंतर नाव येतं हॉथॉर्नचं. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या कारखान्यात १९२४ ते १९३२ प्रयोग चालले. दिवे वाढवले, कमी केले, विश्रांतीच्या वेळा बदलल्या, आणि माणसाकडे लक्ष दिलं की तो काम चांगलं करतो, असा निष्कर्ष एल्टन मेयो आणि मंडळींनी काढला. कामगाराच्या स्वास्थ्याचा विचार इथून सुरू झाला असं आम्ही मुलांना सांगतो. एक तपशील सहसा सांगत नाही: रिले जोडणाऱ्या ज्या मोजक्या मुलींवर हा प्रयोग चालला होता, त्यांतल्या दोघींना फार बोलतात आणि ऐकत नाहीत म्हणून मध्येच काढून दोन नव्या बसवल्या होत्या.

आणि स्वास्थ्याचा विचार इथून सुरू झाला हे खोटंच आहे. हॉथॉर्नच्या चाळीस वर्षं आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांच्या सभा घेत होते. जोतीराव फुल्यांचे हे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या अशा: आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पगार आणि कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची तजवीज. आजच्या कोणत्याही ‘कर्मचारी स्वास्थ्य’ योजनेशेजारी हा अर्ज ठेवून बघा. योगासनांचा वर्ग सोडला तर त्यात काही कमी नाही. रविवारची सुट्टी मिळायला सहा वर्षं लागली. गिरणीमालकांनी ती मान्य केली १० जून १८९० रोजी. परळच्या सरकारी श्रमविज्ञान संस्थेला आज लोखंड्यांचं नाव आहे. आमच्या अभ्यासक्रमात मेयो आहे, लोखंडे नाहीत. का नाहीत, या प्रश्नावर मी अभ्यास मंडळाच्या एका बैठकीत वाद घातला होता. उत्तर आलं की लोखंडे ‘कामगार चळवळ’ या विषयात मोडतात, ‘वर्तना’त नाही.

आता नगर जिल्ह्याकडे येतो, कारण या पुस्तकाचं खरं ऋण तिथे आहे. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, मी जुन्या काळाबद्दल लिहितो तिथे जुनं नाव ठेवलं आहे.) प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकरी गोळा केले आणि गोखले संस्थेचे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले. विद्वानाने कारखान्याच्या अध्यक्षपदी बसावं आणि कारखाना चालावाही, हे दृश्य त्यापूर्वी विरळा होतं, त्यानंतरही विरळाच. पण संस्था उभारणं वेगळं आणि तिच्यात बसून तिच्याकडे बघत राहणं वेगळं. ते दुसरं काम केलं बी. एस. बाविस्करांनी.

बाविस्कर दिल्ली विद्यापीठात एम. एन. श्रीनिवास यांचे विद्यार्थी, पुढे तिथेच समाजशास्त्राचे प्राध्यापक. श्रीनिवासांच्या शिष्याने एखादं खेडं धरून जात आणि गट यांचा अभ्यास करायचा, हा त्या काळचा रिवाज. बाविस्करांनी साठच्या दशकात खेड्याऐवजी कोपरगावचा साखर कारखाना धरला. प्रश्नावली घेऊन धावती भेट न देता तिथे मुक्काम केला. निवडणुका, गट, कार्यालयातली कुजबूज हे सगळं पाहिलं. त्यातून झालेलं पुस्तक १९८० मध्ये ऑक्सफर्डने काढलं. त्याआधी १९६८ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त सहकार आणि राजकारण यांवरचा त्यांचा लेख आला होता. त्या काळी तज्ज्ञांचं सरसकट मत असं होतं की राजकारण शिरलं की सहकार बुडतो. बाविस्करांनी दाखवलं की कोपरगावात राजकारण ठासून भरलेलं होतं आणि कारखाना तरी नीट चालत होता. कारण उसातच आहे. तोडलेला ऊस वाळत जातो, साखर उतरते. तो वेळेत गाळला नाही तर मोठ्या बागायतदाराचं नुकसान होतं आणि लहान्याचंही. शिवाय लहान्याचा ऊस नसेल तर गाळपाची क्षमता रिकामी पडते, म्हणून मोठ्याला लहान्याची गरज लागते. गट एकमेकांना पाडायला टपलेले असतात, पण चाक फिरत राहावं यावर सगळ्यांचं एकमत.

हे निरीक्षण मला संघटनेविषयी वाचलेल्या शंभर सिद्धान्तांपेक्षा मोलाचं वाटतं. माणसं चांगली आहेत का, नेतृत्व प्रेरणादायी आहे का, असले प्रश्न बाविस्करांनी विचारलेच नाहीत. कोणाचं नुकसान कोणाच्या नुकसानीला बांधलेलं आहे, एवढं त्यांनी बघितलं. डोनाल्ड ॲटवुड या मानववंशशास्त्रज्ञाबरोबर त्यांनी १९८८ मध्ये संपादित केलेल्या पुस्तकाच्या शीर्षकातच प्रश्न आहे: वाटा कोणाला? आणि तिथे कुंपणाची गोष्ट येते. नुकसान ज्यांचं एकत्र बांधलेलं आहे ते सभासद कुंपणाच्या आत. ऊस ज्यांच्या हातांनी तुटतो ते बाहेर.

कारखान्याच्या आत २०२५ पर्यंत १९४८ चा कारखाने कायदा लागू होता. अडीचशेहून जास्त कामगार असतील तर उपाहारगृह, पाचशे असतील तर कल्याण अधिकारी, ठरावीक संख्येने बायका असतील तर पाळणाघर. फाटकातून बाहेर पडून बैलगाडीच्या चाकोरीने फडापर्यंत गेलं की यांतलं काहीच उरत नाही. आमच्या तालुक्यात दोन सहकारी कारखाने, सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर. हंगामात घोडेगावच्या रस्त्यावरून पाथर्डी, शेवगाव, बीडकडची कुटुंबं उतरताना मी लहानपणापासून पाहत आलो. त्यांची गणती माणसांत होत नाही, कोयत्यांत होते. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. उचल कोयत्याला मिळते, दर कोयत्याच्या टनाला मिळतो, आणि नाव मुकादमाच्या वहीत बहुधा नवऱ्याचं असतं. बाई तोडते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पहाटे भाकरी करून निघालेली असते. संघटनेच्या अभ्यासात आम्ही ‘विश्लेषणाचा घटक’ या शब्दावर तासन्‌तास घालवतो: व्यक्ती घ्यावी, गट घ्यावा की विभाग? जोडप्याला अवजाराचं नाव देऊन एक घटक करणारी व्यवस्था जगात आणखी कुठे असेल तर मला बघायची आहे.

उचल घेतली की ती अंगावर असते. पैसे अंगावर असणं हा तिथला रोजचा शब्द. एक दिवस चुकला तर खाडा, आणि खाड्याला दंड. मग दुखणंही अंगावर काढावं लागतं. आमच्या शास्त्रात गैरहजेरीवर ग्रंथ आहेत. आजारी असूनही हजर राहण्याला अलीकडे स्वतंत्र संज्ञा मिळाली आणि कंपन्यांचं त्यात किती नुकसान होतं याचे हिशेब निघू लागले. फडात तो हिशेब वेगळ्या रीतीने बाहेर आला. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या, विधान परिषदेत प्रश्न निघाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीत ८२ हजारांहून अधिक बायकांशी बोलणं झालं. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. त्यामागे डॉक्टरांनी घातलेली कर्करोगाची भीती होती, लहान वयातली लग्नं होती, आणि खाडाही होता. पाळी, पांढरं जाणं, पोटदुखी यांत दिवस मोडण्यापेक्षा पिशवीच नको, असा हिशेब. कामाच्या रचनेने माणसाच्या शरीरातला अवयव काढायला लावल्याचं याहून उघड उदाहरण मला माहीत नाही, आणि संघटनात्मक वर्तनाच्या एकाही पाठ्यपुस्तकात ते नाही. तोडणीचा दर जानेवारी २०२४ मध्ये टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. खाड्याची पद्धत त्या करारात मोडली गेली नाही.

शहरातल्या वाचकाला वाटेल की हे सगळं गावाकडचं. हिंजवडीतल्या माझ्या विद्यार्थ्यांनाही आधी तसंच वाटायचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या वर्गीकरणात कामामुळे येणाऱ्या टोकाच्या थकव्याची नोंद घेतली. मात्र तो रोग नव्हे, कामाशी जोडलेली स्थिती आहे, असं स्पष्ट लिहून. म्हणजे उपचार माणसावर करून भागणार नाही, कामावर करायला हवा. कंपन्यांनी त्यातून वेगळा अर्थ घेतला आणि ध्यानाचे ॲप वाटले. एका मोठ्या कंपनीसाठी मी केलेल्या पाहणीत कामाच्या तासांचा प्रश्न होता. अहवाल छापून आला तेव्हा तो प्रश्न गळलेला होता, ध्यानाचं पान मात्र रंगीत होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारावर न्यायला मान्यता दिली. लोखंड्यांचा तो अर्ज मी त्या आठवड्यात पुन्हा काढून वाचला.

पुस्तकाविषयी थोडं. यात अकरा लेख आहेत. हमालांवरचे तीन, तोडणीवरचे तीन, एक कांदा निवडणाऱ्या बायकांवर. उरलेले बँका, शाळा आणि संगणक कंपन्यांवर. शिंगणापुरात २०११ मध्ये एका सरकारी बँकेने कुलुपाविना शाखा उघडली होती. विश्वासावरच्या लेखाची सुरुवात तिथून आहे आणि तो लेख मला स्वतःला सगळ्यांत कमी पटतो, कारण विश्वास आणि धाक यांतला फरक मला त्यात नीट मांडता आलेला नाही. तक्ते कमीत कमी ठेवले आहेत. परिभाषा जिथे लोकांची होती तिथे लोकांचीच घेतली: खाडा, उक्तं, उचल, रोज. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं दिलेली नाहीत. बऱ्याच जणांना पुन्हा त्याच गाळ्यावर आणि त्याच मुकादमाकडे जायचं असतं.

शेवटी तीच जुनी प्रश्नावली जोडली आहे, ‘वरिष्ठ’ हा शब्द खोडून. भरायला दहा मिनिटं लागतात. ती स्वतःसाठी भरू नका. तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना चहा देऊन समोर बसवा, त्यांच्या तोंडून भरून घ्या, आणि आजारपणाच्या दिवसाचे पैसे कापले जातात का, या सातव्या प्रश्नापाशी आलात की तो गाळू नका.

घोडेगाव, ता. नेवासे